रागावल्यानंतर परत जवळ घ्या

शास्त्रवाचन : लूक २:४१-५२



लहान मुले कशी वाढवावीत यावर धर्मगुरूने काय लिहावे, असे कुणी म्हटले तर ते योग्यच आहे. तापाने फणफणलेले मूल खांद्यावर घेऊन रात्री दोन वाजता येरझारा घालण्याची वेळ माझ्यावर कधी आली नाही. पण घरभेटींना आलो की तुम्ही मोकळेपणाने बोलता. त्यातून मी पुष्कळ शिकलो. शिवाय या बाबतीत एक चूक माझ्या हातूनही झालेली आहे. तिच्यापासूनच सुरुवात करतो.

काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका धर्मग्रामात होतो. रविवारच्या मिस्सेत माझे प्रवचन चालू असताना दोन वर्षांचे एक मूल मोठमोठ्याने रडू लागले. मी बोलायचा थांबलो आणि त्याच्या आईकडे पाहिले. तोंडाने काही बोललो नाही, पण तेवढे पुरे झाले. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. ती मुलाला घेऊन बाहेर गेली, ती आत आलीच नाही. पुढचे तीन रविवारही दिसली नाही. शेवटी मी तिच्या घरी जाऊन माफी मागितली. ती म्हणाली, "फादर, तुमचं सोडा. घरी आल्यावर मी त्याला मारलं. ते माझ्या मनातून जात नाही. मी वाईट आई आहे का?"

"नाही, बाय," एवढेच मी म्हणालो. आज ते उत्तर थोडे सविस्तर देतो.

१. मूल हट्ट का करते?

आपल्या अनेक घरांतली संध्याकाळ आठवा. आई चर्चगेटहून गर्दीच्या लोकलने उभ्याने प्रवास करून आठ वाजता घरी पोहोचते. आजी सांगते, "दिवसभर शहाण्यासारखा होता." आणि आईने चप्पल काढायच्या आत तोच शहाणा मुलगा जमिनीवर लोळण घेतो. कारण काय, तर बिस्किटाचा तुकडा पडला आणि त्याला अख्खेच हवे आहे!

आईला वाटते, हा मुद्दाम करतो. तसे नसते. राग आवरणारा मेंदूचा भाग कपाळाच्या मागे असतो आणि तो पूर्ण परिपक्व व्हायला वयाची साधारण पंचविशी उजाडते. दोन वर्षांच्या मुलाजवळ इच्छा भरपूर असतात, शब्द थोडे आणि आवर त्याहून थोडा. दिवसभराचा शीणही ते आपल्या सर्वांत विश्वासाच्या माणसापाशीच उतरवते. म्हणजे ते लोळण घेणे हा आईचा अपमान नसून एका अर्थी तिच्यावरचा विश्वास आहे.

पुष्कळदा कारण साधेच असते : भूक किंवा झोप. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार एक-दोन वर्षांच्या मुलाला दुपारची झोप धरून ११ ते १४ तास आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप हवी. दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात एक तासापेक्षा जास्त वेळ टीव्ही-मोबाईलसमोर बसू नये आणि त्याहून लहानांना तो देऊच नये, असेही त्यात म्हटले आहे. रात्री दहा वाजता मोबाईल दाखवून भरवलेल्या मुलाने सकाळी किरकिर केली, तर दोष एकट्या मुलाचा नाही.

२. मुले विसरत नाहीत

संत ऑगस्टीन यांनी 'कन्फेशन्स' हा ग्रंथ लिहिला तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. ते बिशप होते, विद्वान म्हणून नावाजलेले होते. तरीही पहिल्याच भागात त्यांनी शाळेत खाल्लेल्या माराची आठवण लिहून ठेवली आहे. मार चुकावा म्हणून ते छोटा मुलगा असताना देवाजवळ प्रार्थना करीत, आणि मोठी माणसे, त्यांचे आईवडीलसुद्धा, त्या माराला हसत. मारापेक्षा ते हसणे त्यांना अधिक लागले असावे, असे मला वाचताना वाटते. आपल्याला जे क्षुल्लक, ते मुलाला डोंगराएवढे असते.

३. मग चांगले पालक कोण?

तत्त्वज्ञान शिकताना आम्ही रूसो वाचला. मुलांच्या शिक्षणावरचा त्याचा 'एमिल' हा ग्रंथ १७६२ साली प्रसिद्ध झाला आणि गाजला. मात्र त्याने स्वतःची पाचही मुले अनाथालयात सोडली होती, ही कबुली त्यानेच दिली आहे. मुलांविषयी सुंदर लिहिणे सोपे, रोज रात्री त्यांच्या उशाशी असणे कठीण. तुम्ही ते कठीण काम करीत आहात.

विनिकॉट नावाचे इंग्लंडमधील एक बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक सांगत की मुलाला परिपूर्ण आई लागत नाही. बऱ्यापैकी चांगली आई पुरते. चूक होणार. प्रश्न एवढाच, की चुकीनंतर आपण काय करतो.

लूकच्या शुभवर्तमानात पवित्र कुटुंबाचा अनुभव आहे. बारा वर्षांचा येशू कारवाँमध्येच असेल असे समजून मरिया आणि योसेफ दिवसभराची वाट चालून गेले. तो तीन दिवसांनी यरुशलेमच्या मंदिरात सापडला. मरियेने आपले दुःख लपवले नाही. तू असे का केलेस, हे तिने विचारले. मुलाचे उत्तर दोघांनाही समजले नाही. तरी ते तिघे एकत्र घरी परतले, आणि मरियेने ते सारे मनात जपून ठेवले. सर्व काही समजण्याआधीच एकत्र घरी जाता येते, हा या उताऱ्यातला आपल्यासाठी धडा आहे.

४. घरी करता येण्याजोगे

- हात उगारावासा वाटला तर आधी मूल सुरक्षित आहे ना ते पाहून दोन मिनिटे बाजूला व्हा. मारून मूल गप्प होते, शिकत नाही.
- रागाने बोललात किंवा मारलेत, तर झोपण्यापूर्वी जवळ घेऊन सांगा, "मी ओरडले, माझं चुकलं." यामुळे आईबापाचा मान कमी होत नाही. माफी कशी मागावी हे मूल इथेच शिकते. मात्र ही माफी उद्या पुन्हा मारण्याचा परवाना नव्हे.
- माफी मागा, पण नियम मोडू नका. मोबाईल नाही म्हणजे नाही. वाट पाहायला शिकवणे हेही प्रेमच आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ सालच्या 'आमोरिस लेतिसिया' या पत्रात यावर भर दिला आहे.
- पप्पांनो, भरवणे आणि झोपवणे हे "मदत" म्हणून नव्हे, आपले काम म्हणून करा.
- आजी-आजोबांनो, मुलांदेखत सुनेची चूक काढू नका.
- बाळंतपणानंतर एखादी आई दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास असेल, सतत रडत असेल, तर तिला उपदेश नको, डॉक्टरांकडे न्या. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, तर एक दिवसही थांबू नका.

आणि आपण सर्वांनी? जानेवारी २०१४ मध्ये सिस्टाईन चॅपेलमध्ये बाळांना बाप्तिस्मा देताना पोप फ्रान्सिस यांनी मातांना सांगितले की बाळ भुकेने रडले तर संकोच न करता त्याला दूध पाजा. जिथे पोपमहाशयांना अडचण वाटली नाही, तिथे आपण माना कशाला वळवायच्या?

कुटुंबात बोलण्यासाठी :
१) या आठवड्यात मुलावर आपण कशासाठी रागावलो? तेव्हा ते भुकेले किंवा झोपेला आलेले होते का?
२) लहानपणी आपल्याला कोणाची कोणती गोष्ट लागली होती? ती आपण आपल्या मुलाशी करतो का?
३) आपल्या शेजारच्या बाकावर लहान मूल घेऊन बसलेल्या आईला आपण काय मदत करू शकतो?

पुढच्या रविवारी मुलांना घेऊन या. रडली तर रडू द्या. मी प्रवचन थोडे आखूड करीन.

तुमचा,
प्रमुख धर्मगुरू