पुण्याला विमानानं निघण्यापूर्वी

मारेगाव,
8 जानेवारी 2026

चि. सोनूस,


मुलाखतीचं बोलावणं आलं हे ताईकडून कळलं. आनंद झाला. रेल्वेचं तिकीट मिळेना म्हणून विमानानं जायचं म्हणतेस, त्यालाही माझी ना नाही. पण मोबाइलवर भाडं पाहून "मामा, विमान तर एसी डब्याएवढंच पडतं" असं म्हणालीस, त्यावर थोडं लिहितो. फोनवर तू हो-हो करून ठेवून देतेस.

स्वस्त विमानाचं ते भाडं नुसतं बसण्याचं असतं, आणि जागाही कंपनी देईल ती. खिडकीची जागा हवी असेल तर वेगळे पैसे, खाणं वेगळं, तिकीट बदललं तर दंड वेगळा. याला मी फसवणूक म्हणत नाही. 2003 मध्ये कॅप्टन गोपीनाथांनी एअर डेक्कन काढली, आर. के. लक्ष्मण यांचा 'कॉमन मॅन' तिच्या जाहिरातीत घेतला, तेव्हापासून धंद्याचा हिशेब हाच आहे. फुकट जेवण द्यायचं नाही, शक्यतो एकाच प्रकारची विमानं ठेवायची, विमान जमिनीवर फार वेळ उभं ठेवायचं नाही, आणि त्यातून भाडं खाली आणायचं. आपल्यासारखी माणसं विमानात बसू लागली ती याच हिशेबामुळे. मात्र यात कंपन्याही टिकत नाहीत. एअर डेक्कन किंगफिशरमध्ये गेली, किंगफिशर 2012 मध्ये बसली. गो फर्स्ट मे 2023 मध्ये एकाएकी थांबली आणि आगाऊ तिकिटं काढलेल्यांचे पैसे अडकले. म्हणून सहा-सहा महिने आधीच्या 'सेल'ला भुलू नये, असं माझं मत आहे.

आपल्याकडच्या माणसाला तिकिटाच्याही आधी रस्ता मोजावा लागतो. यवतमाळला भारीजवळ धावपट्टी आहे, पण प्रवासी विमान नाही. अमरावतीच्या बेलोऱ्याहून 16 एप्रिल 2025 ला विमान सुरू झालं ते मुंबईचं, तुझ्या कामाचं नाही. म्हणजे नागपूरच. करंजीला हायवे धरायचा, मग हिंगणघाट, जाम, बुटीबोरी. सोनेगावचं विमानतळ वर्धा रोडवरच असल्यानं शहरात शिरावं लागत नाही, एवढीच सोय. एरवी तीन तास पुरतात. पण सध्या कापसाचे ट्रॅक्टर रस्त्यावर आहेत, तेव्हा चार धर. गाडी भाड्यानं केलीस तर तिचं भाडं विमानाच्या तिकिटाच्या पुढे जाईल, हेही एसी डब्याशी तुलना करताना मांड.

वेळेचं नीट ऐक. सामान देण्याचं काउंटर उड्डाणाच्या एक तास आधी बंद होतं आणि विमानात चढायचं गेट 25 मिनिटं आधी. आपल्या स्टँडवर हात केला की एसटी थांबते, तशी इथं सोय नाही. विमान समोर उभं दिसत असलं तरी गेट उघडत नाहीत. दोन तास आधी पोच.

आता सकाळचं की संध्याकाळचं? एकच विमान दिवसभर या गावाहून त्या गावाला फिरत असतं. सकाळी दिल्लीला धुक्यात अडकलं की तो उशीर संध्याकाळपर्यंत पुढच्या प्रत्येक गावाला भोगावा लागतो. म्हणून पहाटेचं विमान वेळेवर सुटण्याचा भरवसा जास्त. पण त्यासाठी मारेगावहून रात्री एकला निघणं मला पसंत नाही. आदल्या दिवशी उजेडात नागपूरला काकूकडे जा आणि तिथून पहाटे नीघ.

तिकीट नेट कॅफेतून काढशील तर मोबाइल नंबर आणि ई-मेल तुझाच घालायला सांग. तिथली पोरं घाईत स्वतःचा नंबर टाकतात. मग विमान रद्द झाल्याचा मेसेज त्यांना जातो आणि तू विमानतळावर उभी राहतेस. शिवाय संपर्काची माहिती बरोबर दिलेली नसेल तर भरपाईवरचा हक्कही जातो. नाव आधार कार्डावर आहे तसंच हवं. वेब चेक-इन घरूनच कर. त्यात जागा निवडायला पैसे मागणारं पान येईल, तिथं घाबरून पैसे भरू नकोस, 'नको' म्हणायची जागा बारीक अक्षरात असतेच.

सामान साधारणपणे मोठ्या बॅगेत 15 किलो आणि हातातल्या बॅगेत 7. जास्त झालं तर काउंटरवर किलोमागे मोजावं लागतं, आणि ते घरून आधी भरण्यापेक्षा महाग पडतं. म्हणून ताई डबे भरू लागली की वजनकाटा पुढे कर. लोणचं, तूप मोठ्या बॅगेत, पक्क्या झाकणाच्या डब्यात. अडकित्ता, सुरी असलं काही हातातल्या बॅगेत नको. सुकं खोबरं तर नेऊच नकोस, त्यातल्या तेलामुळे ते पेट घेतं म्हणून मार्च 2022 पासून सामानात त्याला मनाई आहे. उलट पॉवर बँक मोठ्या बॅगेत चालत नाही, ती हातातच ठेवायची. दशम्या-चटणी खुशाल ने. रिकामी बाटली तपासणीनंतर आत भरून घेता येते.

आणि विमान रखडलंच तर? पुण्याच्या विमानाला दोन तासांहून जास्त उशीर झाला तर खाणं-पिणं कंपनीनं द्यायचं, असा डीजीसीए या सरकारी विमान खात्याचा नियम आहे. सहा तासांहून जास्त उशीर असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत. न कळवता रद्द केलं तर एक ते दोन तासांच्या उड्डाणाला 7,500 रुपये किंवा मूळ भाडं अधिक इंधन अधिभार, यांतलं कमी असेल ते. धुकं, वादळ अशा कारणांना मात्र भरपाई नाही. आपणहून कुणी देत नाही, काउंटरवर शांतपणे मागायचं. नाही दिलं तर मेसेज आणि बोर्डिंग पास जपून ठेवून सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार करायची. आरडाओरडा करून काही मिळत नाही, काउंटरवरच्या पोरीच्या हातात विमान नसतं.

नोव्हेंबर 2025 पासून वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम पूर्णपणे लागू झाले आणि डिसेंबरात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. उरलेल्या विमानांची भाडी इतकी चढली की सरकारला कमाल भाडं ठरवून द्यावं लागलं. असं रोज होत नाही. पण मुलाखतीच्याच सकाळी पुण्यात उतरायचा तुझा बेत मला मुळीच मान्य नाही. एक दिवस आधीचं तिकीट काढ. लॉजचे पैसे मी पाठवतो, ताईला सांगू नकोस.

तुझा,
मामा