खुबा बदलताना: ‘स्नायू न कापता’चे किती पैसे?

‘स्नायू न कापता खुब्याची शस्त्रक्रिया, लगेच चाला’ अशा जाहिराती हल्ली सर्रास दिसतात. त्या खोट्या नसतात. पण एवढ्याच कारणाने एस्टिमेट पन्नास हजारांनी फुगलं असेल, तर हे पैसे कशाचे, असं तोंडावर विचारावं.

नेहमीच्या पद्धतीत सर्जन कुल्ह्याच्या मागून शिरतात. मोठा स्नायू तंतूंच्या दिशेने फाकवतात, आतले छोटे स्नायू हाडापासून सोडवतात आणि शेवटी परत शिवतात. ‘स्नायू न कापता’ म्हणवणाऱ्या पद्धतींपैकी ‘डायरेक्ट अँटिरियर’मध्ये मांडीच्या पुढच्या दोन स्नायूंमधल्या फटीतून सांधा गाठतात. दुसऱ्या, ‘सुपरपाथ’ची वाट वरून-मागून असली, तरी छोटे स्नायू शाबूत राहतात. वाट कुठलीही असो, आत बसणारी वाटी आणि गोळा तेच. फायदा मिळतो तो पहिल्या काही आठवड्यांत: दुखणं थोडं कमी, वॉकर लवकर सुटतो. काही महिन्यांनी सगळ्या पद्धतींचे पेशंट जवळपास सारखेच चालतात. एकट्याने राहणाऱ्या, लवकर कामावर जायचं असलेल्या माणसाला ते आठवडे मोलाचे. घरात चार माणसं हाताशी असलेल्या आजींनी त्यासाठी कर्ज काढू नये.

मांडीच्या पुढून जाणाऱ्या वाटेचे तोटेही ऐकून घ्या. मांडीच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा येऊ शकतो, पोट सुटलेलं असेल तर जांघेजवळची जखम भरताना त्रास होतो, आणि हात न बसलेल्या सर्जनकडून मांडीचं हाड तडकण्याची भीती जास्त. म्हणून ‘याच पद्धतीने वर्षाला किती करता?’ हा प्रश्न छेदाच्या लांबीपेक्षा महत्त्वाचा. उत्तर गुळमुळीत आलं तर, डॉक्टर, तुमच्या सवयीच्या वाटेनेच करा, असं सांगण्यात कमीपणा नाही.

एका खुब्याचं पॅकेज मध्यम खासगी रुग्णालयात साधारण दोन ते साडेतीन लाख, मोठ्या कॉर्पोरेट रुग्णालयात त्याहून बरंच वर. हा फरक पडतो मुख्यतः खोलीमुळे आणि इम्प्लांटमुळे. गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर सरकारने ऑगस्ट 2017 मध्ये कमाल मर्यादा घातली, खुबा त्यात आला नाही. तेव्हा कंपनी, मॉडेल, सिमेंटचा की बिनसिमेंटचा, गोळा धातूचा की सिरॅमिकचा, आणि प्रत्येकाची किंमत, हे लेखी मागा. पैसे घालायचेच असतील तर इथे घाला, विशेषतः वय कमी असेल तर. सिकलसेल, स्टेरॉइड किंवा दारूमुळे तिशी-चाळिशीतच खुबा खराब झालेल्यांना नवा खुबा पुढे अनेक वर्षं वापरायचा असतो. शस्त्रक्रियेत रोबोट वापरला, तर त्याचे पैसे वेगळे लागतात. त्याचा स्नायू वाचवण्याशी थेट संबंध नाही, पण बिलात दोन्हींची सरमिसळ होते.

विम्याची पॉलिसी नवी असेल तर सांधेबदलाला प्रतीक्षा काळ असतो. अपघाताला तो सहसा लागू नसतो. खोलीभाड्याची मर्यादा ओलांडलीत, तर अनेक पॉलिसींत डॉक्टरांची फी आणि ओटीचा खर्चही त्या प्रमाणात कापतात. इम्प्लांट आणि औषधांना मात्र ही कात्री लागू नये, दावा कापून आला तर भांडा. राज्य सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून करायचं असेल, तर यादीतल्या रुग्णालयात योजनेच्या मदतनीसाला, म्हणजे आरोग्यमित्राला, आधी गाठा. काही शस्त्रक्रिया फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव असतात.

पॅकेजबाहेर राहतं ते म्हणजे घरी येणारा फिजिओ, वॉकर, उंच कमोड सीट आणि रक्त पातळ करण्याची औषधं. यासाठी वीस-तीस हजार बाजूला ठेवा. स्नायू न कापता केलं तरी मांडी घालून बसणं आणि भारतीय संडास यांची परवानगी सर्जनच देतील, जाहिरात नव्हे.

डिस्चार्जच्या वेळी इम्प्लांटच्या खोक्यावरचे स्टिकर, बॅच नंबरसकट, फाइलमध्ये चिकटवून घ्या आणि मोबाइलवर फोटो काढा. 2010 मध्ये ‘एएसआर’ हा धातूवर धातू घासणारा खुबा जगभरातून मागे घेतला गेला, तेव्हा आपल्या शरीरात तोच आहे हे दाखवायला कागद लागत होता.