*खताची गोणी आणि तीन शब्द : मूलद्रव्य, संयुग, मिश्रण*



युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत नत्र ४६ टक्के, म्हणजे २०.७ किलो. मग उरलेले २४.३ किलो काय, भेसळ? हा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो. उत्तर शाळेतल्या विज्ञानातच आहे.

*१) मूलद्रव्य :* एकाच जातीच्या अणूंचा पदार्थ. उदा. शुद्ध गंधक.

*२) संयुग :* दोन किंवा जास्त मूलद्रव्ये ठरलेल्या प्रमाणात, रासायनिक बंधाने जोडलेली. युरिया हे संयुग. त्यात नत्रासोबत कार्बन, ऑक्सिजन आणि हायड्रोजन असतात. उरलेले वजन मुख्यतः त्यांचेच, ती भेसळ नव्हे. चाळून किंवा पाण्यात विरघळवून ते वेगळे होत नाहीत.

*३) मिश्रण :* भेळेसारखे. प्रमाण बनवणारा ठरवतो. १९:१९:१९ हे अनेक संयुगांचे मिश्रण. म्हणून १९:१९:१९ वेगळे, १०:२६:२६ वेगळे. गोणीवरचे आकडे दरवेळी वाचा.

*लक्षात ठेवा :* डीएपीवरचा ४६ हा नत्राचा नाही, स्फुरदाचा आहे. तोही ऑक्सिजन जोडलेल्या रूपात मोजतात. ५० किलोच्या गोणीत असे स्फुरद २३ किलो, त्यात निव्वळ फॉस्फरस साधारण १० किलो. शिफारशीही याच मापात असतात, त्यामुळे हिशोब बदलू नका.

⚠️ *ठिबकवाल्यांनी इथे थांबून वाचा*
दोन खते पाण्यात एकत्र केली की दरवेळी साधे मिश्रणच होईल असे नाही. कधी नवीन संयुग तयार होते.
▪️ कॅल्शियम नायट्रेट + मॅग्नेशियम सल्फेट = जिप्समचा साका
▪️ कॅल्शियम नायट्रेट + १२:६१:० = कॅल्शियम फॉस्फेटचा साका

खत वाया जाते, वर ड्रीपर बंद पडतात. जिप्सम तर ॲसिड सोडूनही सहजी निघत नाही. म्हणून कॅल्शियम नायट्रेट या खतांसोबत टाकीत घालू नका. वेगळ्या दिवशी सोडा, आधी लाइन साध्या पाण्याने धुवा.

*बाटलीची चाचणी :* नवीन जोडी वापरायच्या आधी पारदर्शक बाटलीत तुमच्याच विहिरीचे किंवा बोअरचे पाणी घ्या. टाकीत टाकता त्याच प्रमाणात दोन्ही खते घाला, हलवा, तासभर ठेवा. पाणी दुधाळ झाले किंवा तळाशी साका बसला, तर ती जोडी टाकीत नको.

बाटलीचा फोटो ग्रुपवर टाका. इतरांचेही ड्रीपर वाचतील. 🌱