नाणेफेक, परागकण आणि शेअर बाजार

एक नाणे आणि चौकटीचा कागद घ्या. कागदाच्या डाव्या कडेला, मध्यावर पेन्सिल टेकवा. छापा पडला तर एक घर वर, काटा पडला तर एक घर खाली आणि प्रत्येक फेकीला एक घर उजवीकडे सरका. शंभर फेकींनंतर उमटलेली वेडीवाकडी रेषा थेट शेअरच्या भावाच्या आलेखासारखी दिसेल. हे साम्य केवळ वरवरचे आहे काय?

प्रथम नाण्याचा नियम शोधू. दोन फेकींनंतर चार शक्यता असतात : +२, ०, ० आणि −२. यांची सरासरी शून्य येते. तीवरून आपण किती भटकलो हे कळत नाही. म्हणून अंतरांचे वर्ग करू : ४, ०, ०, ४. त्यांची सरासरी २. तीन फेकींच्या आठ शक्यता मांडा. वर्गांची सरासरी ३ येईल. म्हणजे जितक्या फेकी, तितकीच वर्गांची सरासरी! तेव्हा १०० फेकींनंतर आपण मूळ पातळीपासून साधारणपणे १०० चे वर्गमूळ, म्हणजे १० घरे दूर असतो. फेकी चौपट केल्या तरी भटकणे दुप्पटच होते.

१८२७ मध्ये रॉबर्ट ब्राउन यांनी परागकणांतून निघालेले सूक्ष्म कण पाण्यात असेच भटकताना पाहिले. पाण्याचे रेणू त्यांना सर्व बाजूंनी धक्के देतात. या हालचालीचे गणित आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये मांडले. पण गंमत अशी की, तेच गणित पाच वर्षे आधी, १९०० मध्ये, लुई बाशेलिये या फ्रेंच गणितज्ञाने पॅरिसच्या रोखेबाजारासाठी मांडले होते! यामागचा युक्तिवाद साधा आहे. उद्या भाव चढणार हे सर्वांना ठाऊक असते, तर सर्वांनी आजच खरेदी केली असती आणि भाव आजच चढला असता. म्हणून पुढचे पाऊल वर की खाली, हे नाणेफेकीसारखेच अनिश्चित असते.

अशा असंख्य स्वतंत्र पावलांची बेरीज घंटेच्या आकाराच्या वक्राने दाखवता येते. मध्याजवळची मूल्ये पुष्कळ, दूरची अगदी विरळ. किती विरळ? शेअर निर्देशांकाच्या रोजच्या चढउताराचे प्रमाण विचलन १ टक्का धरू. मग एका दिवसात ५ टक्क्यांहून मोठी घसरण सुमारे ३५ लाख दिवसांतून एकदा यावी. वर्षाला बाजाराचे २५० दिवस धरले, तर चौदा हजार वर्षांतून एकदा!

प्रत्यक्षात काय घडले? १९ ऑक्टोबर १९८७ रोजी न्यूयॉर्कचा डाऊ जोन्स निर्देशांक एका दिवसात २२.६ टक्के कोसळला. वक्राच्या हिशेबाने अशी घटना विश्वाच्या सुमारे १३८० कोटी वर्षांच्या आयुष्यातही दिसू नये. मग वक्र चुकला की बाजार?

चुकले ते आपले गृहीतक. वर्गातील ४० मुलांनी आपापले नाणे फेकले, तर छापा-काट्यांची वजाबाकी साधारणपणे ४० चे वर्गमूळ, म्हणजे सहाच्या आसपास राहील. पण सर्वांनी पहिल्या बाकावरच्या मुलाचीच नक्कल केली, तर ती प्रत्येक वेळी ४० होईल! पाण्याचे रेणू एकमेकांकडे पाहून घाबरत नाहीत, माणसे घाबरतात. शेजारी विकतो म्हणून आपणही विकतो. स्वतंत्र फेकी मग स्वतंत्र राहत नाहीत. बेनुआ मांडेलब्रो यांनी १९६३ मध्येच कापसाच्या भावांवरून दाखवले होते की, मोठे चढउतार या वक्राच्या अंदाजापेक्षा कितीतरी अधिक वेळा येतात.

हा केवळ पुस्तकी वाद नव्हे. 'लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट' या अमेरिकन गुंतवणूक संस्थेच्या भागीदारांत अर्थशास्त्राचे १९९७ चे नोबेल मिळवणारे रॉबर्ट मर्टन व मायरन शोल्स होते. १९९८ मध्ये रशियाने कर्जफेड थांबवली तेव्हा, एरवी वेगवेगळे चालणारे बाजार एकदम हलले आणि संस्था बुडू लागली. ती सावरण्यासाठी बड्या बँकांना सुमारे ३६० कोटी डॉलर घालावे लागले.

तेव्हा मित्रांनो, जोखमीचे गणित कोणी पुढे ठेवले, तर उत्तर तपासण्याआधी एक प्रश्न जरूर विचारा : यातली नाणी खरोखरच वेगवेगळ्या हातांत आहेत ना?