मोजणीच्या मधली वर्षं

लोकसंख्येचे आलेख काढणं हे माझं काम. जनगणनेचे जुने खंड उघडायचे, आकडे उतरवायचे, ठिपके मांडायचे आणि मग ठरवायचं, की त्यांना रेघेनं जोडायचं की नाही. या शेवटच्या पायरीवर जे शिकले, ते इथे मांडते.

१. मधल्या वर्षांत काय घडलं ते आधी वाचावं, मगच ठिपके जोडावेत. आजच्या भारताच्या हद्दीत १९११ साली २५.२१ कोटी माणसं होती, १९२१ साली २५.१३ कोटी. जोडले की दशक सपाट दिसतं. प्रत्यक्षात १९१८ च्या इन्फ्लुएंझानं, मुख्यतः पावसाळ्यानंतरच्या काही आठवड्यांत, एवढे बळी घेतले की त्यांचे अंदाज सव्वा कोटीच्या आसपास सुरू होतात. वाढ, संहार आणि पुन्हा वाढ, असं सगळं त्या आडव्या रेघेत बुजून जातं. मी तिथे रेघ तुटक ठेवते आणि १९१८ वर उभी खूण करते.

२. आलेख कुठल्या वर्षापासून सुरू केला, यावर त्याची कथा ठरते. मुंबईत १८७२ साली ६,४४,४०५ माणसं मोजली, १८८१ साली ७,७३,१९६, १८९१ साली ८,२१,७६४. शहर एकसारखं वाढतंय, असंच कुणीही म्हणेल. पण १८६४ च्या मोजणीत मुंबईत ८,१६,५६२ माणसं होती! अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, मुंबईच्या कापसाला अफाट भाव आला आणि पोटासाठी माणसं शहरात लोटली. १८६५ मध्ये युद्ध संपलं, बाजार कोसळला, माणसं निघून गेली. म्हणजे १८९१ पर्यंतची ती दिमाखदार चढण प्रत्यक्षात भरपाई होती. सत्तावीस वर्षांनी शहर जेमतेम पाच हजारांनी पुढे गेलं होतं. अखिल भारतीय जनगणना १८७२ पासूनची, म्हणून बहुतेक तक्ते तिथूनच सुरू होतात आणि १८६४ गळून पडतं. मुंबईचा कुठलाही आलेख माझ्याकडे आला की मी पहिल्यांदा हे वर्ष शोधते.

३. मोजणीचा महिनाही बघावा. १९०१ ची गणना १ मार्चची. १८९६ पासून प्लेग थंडीत चढायचा आणि माणसं गावाकडे पळायची. त्या वेळी मुंबईचा आकडा भरला ७,७६,००६. यात मेलेले किती आणि गावी गेलेले किती, हे एका आकड्यातून कळत नाही. १९०६ साली शहरात वेगळी मोजणी झाली तेव्हा ९,७७,८२२ भरले, १९११ साली ९,७९,४४५. मधलं १९०६ वगळलं की दशकभर एकसारखी वाढ दिसते. जवळजवळ सगळी वाढ पहिल्या पाच वर्षांतच नोंदली गेली होती.

४. दशक दहाच वर्षांचं आहे का, ते तपासावं. गोव्यात १९६० ची गणना पोर्तुगीजांनी केली, पुढची १९७१ ला आपण. ५,८९,९९७ वरून ७,९५,१२०, म्हणजे सुमारे पस्तीस टक्के वाढ, पण दहाहून जास्त वर्षांत. तक्त्यात १९६० ऐवजी १९६१ लिहिलं की गोव्याचा वेग उगाच वाढतो.

५. १९८१ ला आसामात आणि १९९१ ला जम्मू-काश्मीरमध्ये गणना झालीच नाही. तिथले आकडे आगेमागच्या गणनांवरून काढलेले आहेत. त्यामुळे त्या काळातली तिथली रेघ गुळगुळीत दिसणारच. त्यावरून तिथे शांतपणे वाढ झाली असं म्हणणं अन्यायाचं आहे.

६. हद्दी. १९८१ मध्ये रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला. जुने आकडे नव्या हद्दीत बसवल्याशिवाय रत्नागिरीची रेघ काढूच नये.

७. अंदाजाला गणनेचा ठिपका देऊ नये. २०११ नंतर देशाची गणना झालेली नाही. पुढच्या गणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ जाहीर झाला आहे. तरी २०२१ चा आकडा सर्रास छापला जातो. तो बहुधा सरकारी तज्ज्ञगटाच्या २०११ ते २०३६ च्या अंदाजातला असतो आणि तो अहवाल जुलै २०२० चा आहे. २०२१ च्या उन्हाळ्यातले कोविडचे मृत्यू त्यात असणं शक्यच नाही. मी तिथे पोकळ वर्तुळ काढते. ते भरून द्या, असा आग्रह झाला तर काम परत करते.