वऱ्हाडातील तरुण आणि नोकरीचा शोध

दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर या बाजूच्या खारपाणपट्ट्यात पाच एकर कोरडवाहू जमीन असलेले एखादे कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. जमिनीखालचे पाणी खारे. त्यामुळे विहीर खोदून बागायत करण्याची सोय नाही. खरिपात कपाशी व तूर, नाहीतर ओल धरून रब्बीत हरभरा, एवढ्यावर वर्ष काढावयाचे. अशा घरात तीन मुले वाढली तर त्या पाच एकरांवर तिघांचे संसार चालणार नाहीत, हे बापाला पुरते ठाऊक असते. परंतु शेती कोणी सांभाळावयाची व बाहेर कोणी पडावयाचे, हा विचार मुलगा बारावी होऊन दोन-तीन वर्षे घरी बसल्यावरच सुरू होतो. मग घाई होते, आणि त्या घाईत पुष्कळदा जमीनच जाते.

ती कशी जाते, हे आधी सांगितले पाहिजे. कोणीतरी ओळखीचा मनुष्य येतो आणि अमुक ठिकाणी जागा निघाली आहे, साहेब आपलेच आहेत, एवढी रक्कम उभी केली की काम झाले, असे सांगतो. रक्कम उभी करण्यासाठी एक-दोन एकर विकले जातात. या पैशाची पावती नसते. नोकरी मिळाली नाही तर फिर्याद देण्यासही मनुष्य कचरतो, कारण आपणही दोषी ठरू अशी त्याला भीती वाटते. ही भीती अगदीच निराधार नाही. लाचलुचपत प्रतिबंधक कायद्यात 2018 साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे लाच देणे हाही गुन्हा आहे. मात्र ज्याला ती बळजबरीने द्यावी लागली व ज्याने सात दिवसांच्या आत ते अधिकाऱ्यांना कळविले, त्याला संरक्षण आहे. सरकारी भरतीत जाहिरातीत छापलेल्या परीक्षा शुल्कावाचून दुसरा पैसा द्यावयाचा नसतो. दूरध्वनीवरून वा मोबाइलवरून कोणी नेमणूकपत्राचे आमिष दाखवून पैसे काढले असतील, तर तत्काळ 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. जितका उशीर, तितका पैसा परत मिळण्याचा संभव कमी.

दुसरा गैरसमज नावनोंदणीसंबंधी आहे. दुसरे महायुद्ध संपत असता, 1945 साली, सैन्यातून परतणाऱ्यांना कामधंदा मिळवून देण्यासाठी पुनर्वसन व रोजगार महासंचालनालय स्थापन झाले, आणि त्याच्या कचेऱ्या पुढे सर्वांसाठी खुल्या झाल्या. 1959 च्या कायद्याने मालकांवर रिक्त जागा या कचेऱ्यांना कळविण्याचे बंधन घातले. त्या काळी कार्ड काढून मुलाखतीच्या बोलावण्याची वाट पाहणे योग्यच होते. परंतु केवळ कचेरीने पाठविलेल्या नावांतूनच निवड न करता जाहिरातही द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली सांगितले, आणि पुढे जाहिरात पाहून स्वतः अर्ज करणे हीच रीत झाली. तेव्हा घरी कार्ड ठेवून बसणाऱ्यास बोलावणे येईलच असे नाही. तरीही नोंदणी अवश्य करावी. जिल्ह्याच्या कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात, तसेच राज्याच्या ‘महास्वयं’ या संकेतस्थळावर ती विनामूल्य होते, आणि रोजगार मेळाव्यांची वार्ताही तेथेच लागते.

आता शिक्षणाकडे वळू. स्पर्धा परीक्षांचा मार्ग चांगला आहे, पण अरुंद आहे. राज्यसेवेकरिता खुल्या वर्गासाठी 38 व मागासवर्गीयांसाठी 43 ही कमाल वयोमर्यादा असल्याने, अजून वेळ आहे असे म्हणत तरुण आपली उमेदीची वर्षे अभ्यासिकेत घालवितो. आमच्या मते या अभ्यासाची मुदत घरी बसूनच ठरवावी, आणि त्याआधी हाती एखादे कसब असावे. दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जोडारी, वीजतंत्री, संधाता असे व्यवसाय शिकता येतात. त्यानंतर शिकाऊ उमेदवार कायदा, 1961 अन्वये कारखान्यात विद्यावेतनासह उमेदवारी करता येते.

आपल्या दोन जिल्ह्यांत या कसबाला मागणी कोठे आहे, हे कापसाच्या मागोमाग गेल्यास दिसते. पऱ्हाटीवरून वेचलेला कापूस दिवाळीच्या सुमारास जिनिंगमध्ये येऊ लागला की रोलरवरची खाचणी, सुरीचे अंतर, मोटारीची निगा हे सर्व जाणणारा जोडारी रात्रंदिवस हवा असतो. सुरी नीट बसविलेली नसेल तर रुईत सरकी फुटून येते आणि गाठीचा भाव उतरतो. हे काम बहुतेक मंडळी पाहून पाहून शिकतात. परंतु केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचे नागपूरला खास जिनिंग प्रशिक्षण केंद्र आहे, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. हंगाम संपल्यावर असा कारागीर अकोल्याच्या डाळ गिरण्यांतही काम करू शकतो. अमरावतीजवळ नांदगाव पेठ येथील वस्त्रोद्योग उद्यानाची कोनशिला सप्टेंबर 2024 मध्ये बसविली गेली. पण कोनशिला म्हणजे रिक्त जागा नव्हे. तेथे कारखाने उभे राहतील त्या दिवशी कसब असलेल्यालाच प्रथम विचारले जाईल.

कृषी पदवी अथवा पदविका घेतलेल्यांसाठी 2002 पासून कृषी चिकित्सालय व कृषी व्यवसाय केंद्र ही योजना आहे. ज्याला शेतीबरोबर जोडधंदा करावयाचा आहे त्याने अग्रणी बँकेच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत चौकशी करावी. तेथे शिकविणे, राहणे व जेवण विनामूल्य असते. शेळीपालन, दुग्धव्यवसाय इत्यादींविषयी घातखेड, दुर्गापूर (बडनेरा) व सिसा-उदेगाव येथील कृषी विज्ञान केंद्रांत विचारावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी सर्वांत अधिक लक्ष घालावे ते कागदपत्रांत. निवड होऊनही कागदाअभावी जागा हातची जाते, ही गोष्ट विरळा नाही. मुलगा दहावीला जाण्यापूर्वी शाळेच्या दाखल-खारीज पुस्तकातील नाव, आडनाव व जन्मतारीख तपासून घ्यावी. शाळा सोडल्यावर दुरुस्ती फार अवघड होते. राखीव जागेसाठी जातीच्या दाखल्याबरोबर वैधता प्रमाणपत्र लागते. त्याला पुरावा जुना पाहिजे: अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा, विमुक्त व भटक्या जमातींना 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा आणि इतर मागासवर्गीयांना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा. अशी नोंद आजोबांच्या शाळेत किंवा तहसिलीतील कोतवाल बुकात सापडते. जुने लिखाण कधी कधी मोडीत असते, म्हणून वाचणारा शोधण्यातही दिवस जातात. ज्यांची जमीन अप्पर वर्धासारख्या धरणात गेली, त्यांच्या कुटुंबातील एकाला प्रकल्पग्रस्ताचे प्रमाणपत्र मिळते, व गट क आणि गट ड च्या नोकऱ्यांत त्यांच्यासाठी 5 टक्के समांतर आरक्षण आहे. हे प्रमाणपत्र कोणाच्या नावे करावयाचे, हे भावाभावांनी जाहिरात येण्यापूर्वीच ठरवावे.

मुलींच्या बाबतीत आणखी एक अडचण येते. विवाहानंतर नाव बदलते, गाव बदलते. परंतु जातीचा पुरावा माहेरकडचाच लागतो, आणि उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखलाही आईवडिलांच्या उत्पन्नावरून मिळतो. सासरहून येऊन हे कागद गोळा करणे तिला कठीण जाते. यास्तव ते विवाहापूर्वी काढून घ्यावेत, मूळ प्रती तिच्याजवळ द्याव्यात आणि नक्कल माहेरी ठेवावी.