कागद चांदीचा, नाणं कालचं

फ्लोरिडातल्या की वेस्टला फिरायला गेलो, तेव्हा एका दुकानात ‘आतोचा’चं नाणं घेतलं. १६२२ च्या चक्रीवादळात बुडालेलं हे स्पॅनिश जहाज. खजिना शोधणारा मेल फिशर सोळा वर्षं त्याच्या मागे होता, तेव्हा कुठे १९८५ साली मुख्य खजिना हाती लागला. ही गोष्ट विक्रेत्याने अशी रंगवली की मी घासाघीस करायलाच विसरलो. सोबत सोनेरी कडेचं, क्रमांक घातलेलं प्रमाणपत्र.

तीन वर्षं ते आल्यागेल्याला दाखवलं. मग एका मुरलेल्या संग्राहकाने नाण्याकडे न बघता आधी कागद मागितला. त्यावर सरळ लिहिलं होतं : ‘जहाजातून मिळालेल्या चांदीपासून बनवलेलं’. चांदी चारशे वर्षांपूर्वीची, नाणं माझ्या मुलीहून लहान! दुकानदार खोटं बोलला नव्हता. मीच वाचलं नव्हतं.

तेव्हा आधी कागद वाचा, तोही शब्दन् शब्द. अस्सल नाण्याच्या चांगल्या कागदावर त्याच नाण्याचा फोटो, वजन, टांकसाळ आणि प्रत असते. आतोचाच्या नाण्यांना १ ते ४ प्रत देतात. चौथी म्हणजे समुद्राने पार खाल्लेली. फोटोतली प्रत्येक चीर हातातल्या नाण्याशी जुळवा, कारण खऱ्या कागदाला भलतंच नाणं चिकटवणारेही आहेत.

ही नाणी वेडीवाकडी का? आजच्या बोलिव्हियातल्या पोतोसीला किंवा मेक्सिकोला चांदीच्या कांबीचे तुकडे पाडत, वजन जुळेपर्यंत कातरत आणि ठशावर ठेवून हातोडा हाणत. आपली शिवराईही अशीच ठोकून घडायची, निम्मी अक्षरं नाण्याबाहेर. त्यामुळे दोन नाणी हुबेहूब सारखी निघणं अशक्यच. एकदा दोन वेगवेगळ्या विक्रेत्यांकडे तीच चीर, तोच कापलेला कोपरा दिसला. दोन्ही ओतीव होती. तेव्हापासून कडेवर साच्याची रेघ आणि पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खड्डे भिंगाखाली शोधतो.

आठ रेआलच्या स्पॅनिश नाण्याचं मूळ वजन साधारण २७ ग्रॅम. समुद्रात चांदीवर सल्फाइड धरतं, ते काढलं की नाणं हलकं होतं. म्हणून पूर्ण वजन दिसलं की मी जरा थबकतो. पण नाण्यांच्या ढेकळात पोटाशी असलेली नाणी छान टिकतात, तेव्हा नुसत्या वजनावर निकाल नको. पाण्यात तोलून घनता काढा, ती १०.३ च्या आसपास हवी. अर्थात या परीक्षेने धातू कळतो, वय नाही. माझं की वेस्टचं नाणंही त्यात पास होतं!

पुढे एक खरं मिळालं, चौथ्या प्रतीचं, कागदासारखं पातळ. आईने दिवाळीच्या समयांबरोबर तेही पितांबरीला काढलं होतं. वेळेवर हातातून घेतलं, नाहीतर नाण्यावर उरलेला अर्धा क्रूसही गेला असता. पहिलं नाणं मुलगी गळ्यात घालते. ते खुशाल घासा म्हणून आईला सांगून ठेवलंय.